कूलर बंद करा, गाणं सुरू आहे

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट आहे. बी.एस्सी., भौतिकशास्त्र, पहिला वर्ग. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे घडलं ते अडाणीपणामुळे घडलं असा कोणाचा गैरसमज नको. ते शिक्षणामुळेच घडलं.

आमचा एक बँड आहे, 'फाटक बंद'. (प्रॅक्टिसला उशिरा येणारा प्रत्येक जण हेच कारण सांगायचा. नाव शोधायला वेगळी मेहनत पडली नाही.) आम्ही तिघं. गाणी मी लिहिते आणि मीच गाते. प्रज्वल गिटार वाजवतो. तो धरमपेठेतला, त्याच्या घरी प्रत्येक खोलीत एसी आहे आणि ही गोष्ट तो अतिशय नम्रपणे सांगतो. नितीन खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला. तो एका लाकडी खोक्यावर बसतो आणि तेच खोकं वाजवतो. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही. तो आला की ती आधी त्याला खुर्ची देते.

आम्ही फक्त स्वतःची गाणी वाजवतो. नागपुरात स्वतःची गाणी वाजवणाऱ्याला लोक फार सहानुभूतीने वागवतात, म्हणजे दोन गाणी झाली की एखादं "ओळखीचं" म्हणायला सांगतात. तीन वर्षांत आम्ही एका जिमच्या उद्घाटनाला वाजवलं, एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवलं आणि एका कॅफेत वाजवलं. कॅफेतल्या लोकांनी दर गाण्यानंतर आवाज थोडा कमी करायला सांगितला. शेवटचं गाणं फक्त आम्हालाच ऐकू आलं.

त्यामुळे पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाने नव्या बँडकडून गाणी मागवली, तेव्हा आम्ही आपसात ठरवलं की हा शेवटचा प्रयत्न. निवड झाली तर बँड. नाही झाली तर नितीनला हैदराबादची नोकरी, प्रज्वलला वडिलांचं दुकान आणि मला बी.एड. अट एकच होती. गाणं एका दमात, सलग, काहीही कापाकापी न करता रेकॉर्ड करून पाठवायचं. मुदत रविवारी संध्याकाळी सहाची. स्टुडिओवाल्याने रविवार सकाळ दिली होती, पण मे महिना होता, आणि तो सकाळीच मेहुण्याच्या लग्नाला बालाघाटला निघून गेला.

राहिलं आमचं घर. प्रॅक्टिस पहिल्यापासून तिथेच. आमच्या गल्लीत एकेकाळी घरोघरी माग चालायचे, त्यामुळे आवाजाची तक्रार करण्याची तिथे पद्धतच पडली नाही. आमचेही दोन पॉवरलूम होते. ते विकल्यावर बाबा कूलर बनवायला लागले. पहिला कूलर त्यांनी घरासाठी बनवला. पत्रा जुन्या कपाटाचा, बाजूच्या ओल्या ताट्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, आणि मोटार विकलेल्या मागाची, तेवढी त्यांनी ठेवून घेतली होती. हा कूलर लावला की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर आडवं होतं. थंडीतही तो संध्याकाळी तासभर चालतो, आमची प्रॅक्टिस असो वा नसो; मोटार जाम होऊ नये असं बाबांचं म्हणणं. त्याच्यापुढे उन्हाळाभर उमरेडची आत्या झोपलेली असते. ती दरवर्षी अक्षय्य तृतीयेला आम्हाला भेटायला येते आणि पाऊस पडेपर्यंत कूलरला भेटते.

रविवारी दुपारी दोन वाजता आम्ही लॅपटॉप आणि माइक लावला आणि पहिल्यांदा गाणं रेकॉर्ड करून ऐकलं. कूलर स्पष्ट ऐकू येत होता. त्याच्या मागे कुठेतरी, दुसऱ्या तालुक्यात, कोणीतरी गात होतं.

"बाबा, कूलर बंद करा लागते," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं.

"किती वेळ?"

"चार मिनिटं."

आत्या डोळे न उघडता बोलली, "मी उमरेडहून ह्या कूलरसाठी आली, अन् हे पोट्टी तोच बंद करून राहिली."

बाबांनी बटण दाबलं. खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत निखारेकाकांचा कूलर ऐकू यायला लागला. त्यांची आमची भिंत एकच आहे. मी घरच्यांना समजावून सांगितलं की ध्वनी घन पदार्थातून हवेपेक्षा जास्त वेगाने प्रवास करतो. आई म्हणाली, "हो, पण तो बंद कोन करनार?"

मीच गेले. निखारेकाका तयार झाले, पण काकूंचं म्हणणं पडलं की कूलर बंद करून घरात शिजत बसण्यापेक्षा आम्ही तुमच्याकडे गाणं ऐकायला येतो. रास्त होतं. दोघं आले. मग त्यांच्या पलीकडचा कूलर ऐकू आला. मग समोरचा. मग मागच्या गल्लीतला, ज्याचा पंप खोकतो. मी एकेका दारात जाऊन पुण्याची निवड, सहाची मुदत आणि ध्वनीचा प्रवास हे तीनही विषय समजावले. सगळ्यांनी कूलर बंद केले आणि सगळे आमच्याकडे आले. साडेतीनला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकवीस माणसं, एक गिटार आणि एक खोकं होतं. आईने रीतीप्रमाणे सर्वांना पाणी दिलं. नितीनसाठी पुन्हा खुर्ची आली.

मोहल्ल्यात अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. मी डोळे मिटले, प्रज्वलने गिटार छेडली आणि मी गाणं उचललं.

माझं गाणं एका गावाला गेलं आणि गिटार दुसऱ्या.

पुन्हा सुरू केलं. या वेळी मी गिटारीसोबत होते, पण नितीन आमच्या दोघांच्या पुढे धावत होता. तिसऱ्या वेळी तो मागे राहिला. चौथ्या वेळी कडव्यापर्यंत पोचलो, आणि तिथे माझा सूर कापराच्या वडीसारखा बघता बघता नाहीसा झाला. एकवीस माणसं घाम पुसत बघत होती. निखारेकाकू एका लग्नपत्रिकेने स्वतःला वारा घालत होत्या. त्यांनी आईला हळूच विचारलं की हे असंच असतं का. आईने तितक्याच हळू सांगितलं, की नाही, रोज बरं म्हणते.

मी खुलासा केला. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, तारा सैल होतात, गिटार उतरते. प्रज्वलने गिटार पुन्हा लावली. गिटार बरोबरच होती. मग मी म्हणाले की खोलीत माणसं जास्त आहेत, ती ध्वनी शोषून घेतात. हेही शास्त्राला धरून होतं. त्यामुळे आठ माणसांना अंगणात उन्हात उभं करण्यात आलं. (त्यांतले एक रिटायर्ड हेडमास्तर होते.) सूर तरीही सापडला नाही. मग मी नितीनवर घसरले. तो म्हणाला की तू ज्या ठिकाणी सम दाखवतेस तिथे ती नसते. प्रज्वल म्हणाला की हे सगळं त्याच्या घरी एसीत करता आलं असतं. त्यावर खोलीतले सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. एसीचा विषय आधी कोणी काढला नव्हता.

पावणेपाच वाजले. आत्याने माठातून तांब्या भरून घेतला, सरळ स्वतःच्या डोक्यावर ओतला आणि पुन्हा जागेवर बसली. नितीन फोनवर हैदराबादच्या नोकरीचं पत्र काढून वाचत होता. मी मनातल्या मनात बी.एड.चा अर्ज भरायला लागले.

तेव्हा कोपऱ्यात बसलेले बाबा उठले.

"मी कूलर लावतो," ते म्हणाले.

"बाबा, आवाज येते नं."

"येऊ दे. तुमी तीन वर्सं त्याच्याच संगं गाऊन राहिले. आता तो नाई तं तुमाले काई सुचून नाई राहिलं."

मी त्यांना शांतपणे सांगितलं की असं नसतं. सूर कानात असतो, लय मेंदूत असते, आणि मी या विषयाची पदवीधर आहे.

"मंग पदवीले सांग गायाले," बाबा म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबलं.

मोटार घुमली. तो लांब, जाड, न तुटणारा सूर खोलीत भरला आणि प्रज्वलचा हात आपोआप गिटारीवर गेला. पंख्याचं एक पातं वाकडं आहे, ते जाळीला एका ठरावीक अंतराने घासतं, टक्, टक्, टक्. नितीनची बोटं त्याच्यावर चालायला लागली. आणि मी, भौतिकशास्त्र, पहिला वर्ग, तोंड उघडलं तर माझा सा कूलरच्या मोटारीतून बाहेर आला.

मला एकदम सगळं आठवलं. विजेवर चालणारी मोटार कायम एकाच सुरात घुमते, कारण वीज एका सेकंदात शंभर वेळा दिशा बदलते. हे मी दुसऱ्या वर्षाला पाठ केलं होतं, त्यावर मला पूर्ण मार्क होते. म्हणजे मी जो सूर माझा समजत होते तो खापरखेड्याहून तारेतून येत होता. नितीनला हे सांगितल्यावर तो म्हणाला की त्याच्या वडिलांना कळवायला हवं, ते तिथे तीस वर्षं ड्युटी करतात आणि त्यांना वाटतं की त्यांचा संगीताशी संबंध नाही.

पण वेळ नव्हता. कूलरचा आवाज मोठा होता आणि आमचा बारीक. तोडगाही बाबांनीच काढला. कूलर आतल्या खोलीत ढकलला, मधलं दार लावलं आणि ते स्वतः दाराशी बसले. मी हळू गाताना दार बोटभर उघडं, मी चढले की वीतभर. मागावर बसून आयुष्य गेलेल्या माणसाला कुठे किती सोडायचं ते सांगावं लागत नाही. निम्मं गाणं झालं आणि टाकीतलं पाणी संपल्यामुळे पंप कोरडा खरडायला लागला. मी थांबणार होते, पण तेवढ्यात आत्या उठली, पाय न वाजवता बादली घेऊन आत गेली आणि शेवटच्या कडव्याच्या बरोबर आधी टाकीत पाणी सोडलं. रेकॉर्डिंगमध्ये ते धबधब्यासारखं ऐकू येतं.

सहाला चार मिनिटं असताना गाणं पाठवलं. सगळे शेजारी आपापले कूलर लावायला पळाले.

पंधरा दिवसांनी पुण्याहून मेल आला. आमची निवड झाली होती. खाली लिहिलं होतं, "गाण्याच्या तळाशी असलेला सलग स्वर आणि पाण्याचा प्रयोग आम्हाला विशेष भावला. हे कोणतं वाद्य? मंचावर त्याला किती जागा लागेल?"

खरं लिहावं असं प्रज्वलचं मत होतं. मी म्हणाले, खरंच लिहिते, पण शिकलेल्या माणसासारखं. मी लिहिलं, "विदर्भातील हातबनावटीचं पारंपरिक वायुवाद्य. चार बाय चार फूट. वादक एक."

डिसेंबरात ते वायुवाद्य संत्र्यांच्या ट्रकमधून पुण्याला गेलं. वादक आणि त्याची बहीण आमच्यासोबत ट्रेनने आले. आत्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण तिचं म्हणणं होतं की पाण्याचा प्रयोग तिचा आहे. मंचावर आम्ही कूलरवर एक काळं कापड टाकलं होतं. बाबांनी ते काढून टाकलं, हवा लागत नाही म्हणाले. नुसती मोटार फिरवा, पाणी नको, अशी मी खूप विनवणी केली. तेही त्यांनी ऐकलं नाही. कोरडा चालवला तर ताट्या खराब होतात.

पुण्यात त्या संध्याकाळी कडक थंडी होती. पहिल्या गाण्याला पहिल्या रांगेने कोट घातले. दुसऱ्याला दुसऱ्या रांगेने. तिसऱ्याला आत्याने बादली ओतली, तेव्हा लोक उभे राहिले. मला वाटलं निघाले. ते टाळ्या वाजवत होते. माझ्या आयुष्यात माझ्या गाण्यांना इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, आणि मी त्या अगदी मनापासून वाकून स्वीकारल्या. वर पाहिलं तर सगळे माझ्या डावीकडे बघत होते.

कार्यक्रमानंतर गर्दी झाली ती बाबांभोवती. दाढीवाली, चष्मेवाली, टॅटूवाली पोरं कूलरच्या ताट्यांना हात लावून वास घेत होती. हा स्वर तुम्ही कसा साधला, असं एकाने बाबांना फार आदराने विचारलं. बाबा म्हणाले, "मोटारीत तेल टाकतो." तो मुलगा ते वहीत लिहून घेत होता. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि मी यांच्यासोबतच असते का, असं त्याने विचारलं. मी गाते, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे वा, तेही होतं का?"

आमचा बँड चालू आहे. नितीनने हैदराबादची नोकरी नाकारली. बी.एड.चा अर्ज कोरा आहे. गेल्या आठवड्यात मुंबईच्या एका नावाजलेल्या बँडचा फोन आला, नव्या अल्बमसाठी त्यांना बाबा आणि कूलर हवे आहेत. मी अगदी सहज म्हणून गायिकेबद्दल विचारलं. गायिका त्यांच्याकडे आहे.

बाबांनी होकार दिला. आत्याचे गुडघे दुखतात, ती येणार नाही. रात्रीच्या जेवणाला बाबांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "तू चालतं का? पानी टाकाले कोनी तरी पायजे."

मी अजून होकार दिलेला नाही. पण दोन दिवसांपासून अंगणात बादली घेऊन शेवटच्या कडव्याची प्रॅक्टिस करते आहे.