घट्ट प्लास्टर

प्लास्टरमामांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस हॉस्पिटलात उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हाड बसवायचं आणि मामांनी त्यावर प्लास्टर चढवायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यांच्या नखांतला पांढरा चुरा साबणालाही दाद देत नसे. पट्टी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की काढून हलकेच पिळायची, आणि कापसाच्या थरावरून गुंडाळत जायची. हाताबरोबर तोंडही चालू. पेशंट कण्हला रे कण्हला की मामांची गाडी सुटलीच. "दुखणारच बाबा! वाकडं सरळ करायचं म्हणजे दुखणार नाही होय? देवसुद्धा आपल्याला असाच सरळ करतो. सोस जरा."

उगाच बोलायचं म्हणून ते बोलत नसत हो. मामा पक्के विश्वासणारे. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचे आणि पाळकसाहेबांच्या उपदेशाला मान डोलवायचे. देव आपल्या माणसांना दुःख का देतो, हा प्रश्न भल्याभल्यांना छळतो. मामांनी तो प्लास्टरच्या खोलीत बसल्या बसल्या सोडवून टाकला होता. पेशंट दारापर्यंत गेला की मात्र ते वेगळंच बजावायचे. "हे बघ, बोटं निळी पडली, बधिर झाली, ठणका वाढतच चालला, तर सोसत बसायचं नाही. तडक इकडे यायचं. प्लास्टर कापता येतं, हात परत आणता येत नाही." म्हणजे आत आहेस तोवर सोस, आणि दारात सोसू नकोस. एकाच तोंडाच्या या दोन गोष्टी कुणाला खटकल्या नाहीत, मामांनाही नाही.

घरात दोघंच. मामी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. गायकमंडळी तिला वचकून असत, कारण सूर सोडला की ती वाजवायचं थांबवून नुसतं बघायची. एकदा त्याच ऑर्गनवरची धूळ पुसायला ती स्टुलावर चढली, स्टूल कललं, आणि डाव्या हाताची मनगटावरची दोन्ही हाडं मोडली.

डॉक्टरांनी हाड छान बसवलं. आता घरचं माणूस म्हटल्यावर मामांनी जीव ओतून काम केलं. नेहमीपेक्षा कापूस कमी घेतला, म्हणजे प्लास्टर जाडजूड दिसणार नाही. पट्टी जरा ओढून घेतली, म्हणजे अंगासरशी बसेल. ओल्या तळहाताने घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की डॉक्टर म्हणाले, "वा मामा! हे प्लास्टर आहे की चिनीमातीचं भांडं?" मामा खुलले. तसं प्लास्टर त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आणि दारापर्यंत जाऊन बजावायचं ते राहूनच गेलं. पेशंट आपल्याच घरी जाणार, तिला काय बजावायचं?

संध्याकाळी मामी म्हणाली, "दुखतंय हो थोडं."

मामा जेवत होते. पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "दुखणारच. सोस जरा. देव सरळ करतोय."

त्यानंतर मामीने ब्र काढला नाही. मामा कामावर गेले, आले, पुन्हा गेले. "कसं आहे?" विचारलं की "देवाची कृपा" असं उत्तर यायचं. हात शालीखाली असायचा. फक्त टकटक ऐकू यायची. मामी उजव्या हाताच्या बोटाने पलंगाच्या लाकडावर ठोके द्यायची. मामांना वाटलं, बाई पडल्या पडल्या गाण्याचा ठेका धरतेय, चला, मन तरी रमलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी मामीची धाकटी बहीण भेटायला आली, तिने शाल बाजूला केली आणि किंचाळलीच. बोटं जांभळी पडली होती, गार झाली होती.

प्लास्टर कापलं. कापताना करवत मामांच्याच हातात होती. आतून निघालेला हात आधी त्यांनीच पाहिला. हाड बसलं होतं अगदी सरळ, पण हाताचं मांस दबून मेलं होतं. पुढे बोटं आत वळत गेली ती वळतच गेली, पंजा मुठीसारखा मिटून बसला. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, "सूज जास्तच आली. होतं कधीकधी असं." मामा करवत पुसत राहिले. किती कापूस घातला होता ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

पाळकसाहेब घरी आले. त्यांचेही डोळे भरून आले होते. म्हणाले, "देवाने हे होऊ दिलं म्हणजे त्यात त्याचा काही हेतू असणारच." एवढंच बोलले बिचारे, पण मामीने त्या वाक्यावर अख्खं घर बांधलं. देवाने हात मागितला, मी दिला. चर्चच्या मंडळीतल्या बायका तिच्याकडे आदराने बघायला लागल्या, तिच्यासमोर हळू आवाजात बोलायला लागल्या. मामीला ते आवडायचं, खोटं कशाला बोला?

डॉक्टरांचं म्हणणं निराळं होतं. "रोज बोटं ताणून उघडा. खूप दुखेल. पण निदान पेला धरण्याइतकी तरी सुटतील. वर्षभरात जे होईल ते होईल, नंतर ती अशीच राहणार." मामी ऐकून घ्यायची आणि घरी आली की हात पदराखाली. "दिलेलं परत मागू नये," म्हणायची. मामा हातात तेलाची वाटी घेऊन उभे राहायचे आणि वाटी परत ठेवून द्यायचे. काय सांगणार? देवाने तुझा हात मागितलाच नव्हता, असं म्हणायचं तर मग कुणी घेतला, तेही सांगावं लागणार. महिने सरत होते आणि बोटं घट्ट होत चालली होती.

आणि ती टकटक! ती काही मामांना सोडेना. नळ गळला तरी टकटक, खिडकीचं दार हललं तरी तीच टकटक. भर दुपारी गजबजलेल्या प्लास्टरच्या खोलीत ते पट्टी हातात धरून थबकायचे आणि दाराकडे बघायचे. कुणी आलेलं नसायचं. आता ते ठेका समजत नव्हते. हाक होती ती, आणि आपण पोळी खात बसलो होतो. रस्त्याने जाताना माणसांच्या तोंडाआधी बोटांकडे नजर जायची. चर्चमध्ये मामी आता उजव्या हाताने नुसती चाल वाजवायची. डाव्या हाताचे खालचे जड सूर नव्हतेच, आणि मामांना तेच तेवढे ऐकू यायचे. मग ते पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर गेले, तिथून दाराजवळ. प्रार्थनेला डोळे मिटायची सोय राहिली नव्हती, मिटले की जांभळी बोटं दिसायची.

कामातही घोळ सुरू झाला. मनगट मोडलेली एक शिक्षिका आली, तर मामांनी कापसावर कापूस इतका चढवला की डॉक्टर ओरडले, "मामा, हे प्लास्टर आहे की उशी? आतल्या आत हात फिरतोय तिचा!" सगळे हसले. मामांनी ते उतरवलं, पुन्हा बांधलं, आणि बाईंना दारापर्यंत नाही, रस्त्यापर्यंत सोडायला गेले. "दुखलं तर ओरडायचं हं, ओरडायचंच," म्हणत राहिले. त्या बाई घाबरून भरभर निघून गेल्या. "सोस जरा" हे शब्द मात्र मामांच्या तोंडून कायमचे गेले.

अशात पाळकसाहेबांनी मामीला साक्ष द्यायला सांगितलं. येत्या रविवारी मंडळीपुढे उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. मामीने होकार दिला आणि शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता सराव सुरू केला. मिटलेल्या मुठीने दुधी दाबून धरायची, उजव्या हाताने सुरी चालवायची, आणि मोठ्याने म्हणायची, "देवाने माझा हात घेतला, कारण त्याला मी जवळ हवी होते."

मामा बाहेर बुटाची नाडी बांधत होते. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"देवाने नाही घेतला. मी घेतला."

"काय?"

"कापूस कमी घातला होता मी. देखणं दिसावं म्हणून. पट्टी ओढून बांधली. परक्या माणसाला बजावतो, ते तुला बजावलंही नाही. तू दुखतंय म्हणालीस आणि मी देवाचं नाव पुढे केलं." मामांनी हात जोडले. "उद्या लोकांसमोर माझं पाप त्याच्या माथी मारू नकोस गं. तुझ्या पाया पडतो."

मामीने सुरी खाली ठेवली, मिटलेला हात पदराखाली घेतला. आता ही काय करते, ओरडते की घर सोडून जाते, मामांचा जीव टांगणीला लागला. ती स्टुलावर बसली.

"तुम्हाला काय वाटतं, मला कळलं नव्हतं?" ती म्हणाली. "प्लास्टरवाल्याची बायको आहे मी. बोटं निळी पडली तर तडक यायचं, हे तुमच्या तोंडून झोपेतसुद्धा ऐकलंय. पहिल्याच संध्याकाळी माझी बोटं निळी होती."

"मग बोलली का नाहीस?"

"कारण मला हवं होतं ते!" मामीचा आवाज चढला. "जन्मभर नुसतं ऑर्गन वाजवत बसले. लोकांनी देवासाठी काय काय सोसलं, आणि मी? मला कधी साधा ताप आला नाही. म्हटलं, आलं एकदाचं माझ्या वाट्याला. आता हूं की चूं करणार नाही, सोसून दाखवीन. लाकडावर ठोके देत होते, दात आवळून. वाटत होतं, आत्ता देव म्हणेल, शाबास."

"मग?"

"काही म्हणाला नाही. ठणका तेवढा वाढत गेला." तिचे डोळे वाहायला लागले, तिने पुसले नाहीत. "महिनोन् महिने हेच डोक्यात घोळतंय माझ्या. तो गप्प नव्हताच हो. ठणका म्हणजे त्याचंच बोलणं होतं. अगं बये, कुणाला तरी हाक मार, असं तो जीव तोडून सांगत होता, आणि मी त्यालाच गप्प करत होते. क्रुसावर होता तेव्हा तो स्वतः ओरडला. मोठ्याने ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्याने नाही मुकाट्याने सोसलं. मी कोण लागून गेले त्याच्याहून मोठी?"

मामा तिथेच फरशीवर बसले, तिच्या पायांशी. "पण मग त्याने थांबवलं का नाही? माझा हात का नाही धरला, पट्टी ओढताना?"

"ते मला नाही माहीत," मामी म्हणाली. "आणि उद्या ते माहीत असल्यासारखं बोलणारही नाही. एवढं माहीत आहे, की त्या दोन दिवसांत खोलीत मी एकटी नव्हते. तोही दुखत होता. तुमच्यावर राग आहे माझा, तो आहेच. जाईल तेव्हा जाईल."

मग तिने पदराखालून हात काढला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

मामांनी तेलाची वाटी घेतली. अंगठा सोडवला. मग पहिल्या बोटाखाली आपलं बोट सरकवलं आणि ते हळूहळू वर उचललं. मामीने ओठ दातांखाली धरला, चेहरा पांढराफटक पडला, उजव्या हाताचं बोट स्टुलाच्या कडेवर टकटक वाजायला लागलं.

मामा थांबले. "तसं नाही," ते म्हणाले. "ओरड."

मामीने त्यांच्याकडे पाहिलं. आणि ओरडली. अशी ओरडली की शेजारीण हातातलं धुणं टाकून दारावर धडका मारायला लागली, काय झालं, काय झालं!

"दुखतंय!" मामी आतून ओरडून म्हणाली. "खूप दुखतंय!"

मामांनी दुसरं बोट हातात घेतलं.