हेलातलं बोलणं

हात कितीही धुतला तरी ज्वारीच्या पिठाचा वास बोटांत राहतो. काही आवाजही असेच अंगात राहत असावेत. लातुरात माझी मेस आहे. क्लासच्या मुली जेवून गेल्या की दुपारी घर इतकं ओस पडतं, की उन्हानं तडतडणारा पत्राही ऐकू येतो. अशाच एका दुपारी माझा थोरला भाऊ, दादा, नांदेडहून नवी गाणी मोबाईलमध्ये घेऊन आला.

त्याची बँजो पार्टी एके काळी फार वात्रट. सुरापेक्षा आवाज मोठा, आणि सरपंचापासून हुंडा मागणाऱ्या सासऱ्यापर्यंत सगळ्यांची टर. मेसमधली एक मुलगी हे ऐकून हसली होती, "काकू, असल्याला परदेशात पंक म्हणतात!" भूकंपानंतर ती पार्टी मुकीच झाली. आता उरलेल्या तिघा म्हाताऱ्यांनी पुन्हा वाद्यं काढली होती. पण गाणी काळोखी. ढोल इतका सावकाश, की कोणी ढिगारा उपसतंय असं वाटावं, आणि बँजोची तार रिकाम्या गाभाऱ्यात घुमावी तशी घुमणारी.

शेवटच्या गाण्यात एक बाई हेल काढून रडत होती, गेलेल्या लेकराचे गुण आळवत, आमच्याकडे बाया रडतात तशी. तिचा आवाज मला जरा उशिरानं ओळखू आला. तो माझाच होता. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये कोणा पाहुण्यानं तो टेप केला होता, आणि दादानं ती कॅसेट इतकी वर्षं जपली होती.

"मामाच्या बँजोवर नाचून दमलं गं माझं लेकरू, म्हणून उठलं न्हाई..."

गणपती बोळवून आम्ही निजलो होतो, आणि पहाटे भूकंपानं घर पाडलं. माझी सोनी सहा वर्षांची होती.

"तू न्हाई म्हण, काढून टाकतो," दादा खाली बघत म्हणाला. "पर खरं हाय ते."

"यडा हायस का दादा? हेलातलं बोलणं कुणी मनावर घेतं व्हय?"

आमच्यात ते कोणी धरत नाही. बाई रडताना देवालाही शिव्या देते आणि दुसऱ्या दिवशी त्याच देवापुढे दिवा लावते. दादानं मात्र माझं एक वाक्य आयुष्यभर धरून ठेवलं, आणि दर राखीला त्यानं माझ्यापुढे हात केला तो काय मनात ठेवून, हे मला कधी कळलं नाही. की मीही ते अगदीच खोटं बोलले नव्हते?

"राहू दे ते," मी म्हणाले. "पण त्याच्या आधी सोनी नाचली ते गाणं घाल."

"ते हाताला येत न्हाई आता."

मी त्याला ताट वाढलं. बराच वेळ त्यानं भाकरी मोडली नाही. मग त्याची बोटं ताटाच्या कडेवर हळूच हलू लागली, चुकत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून. मी चुलीकडे तोंड करून बसले होते. माझा पाय त्या ठेक्यावर हलत होता, आणि मी तो लुगड्याखाली ओढून घेतला.