टिटवाळ्याला नेलेला कॉम्प्युटर

आमच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढले, तेव्हा त्यातला एक मी वहिनीसाठी मागून घेतला. दादाला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि त्याला एकटं सोडून तिला घराबाहेर पडता येईना. कल्याणच्या एका औषधांच्या होलसेलवाल्याने तिला घरून बिलं चढवायचं काम देऊ केलं होतं. आधी काही दिवस बघणार, मग कायम करणार. घर त्यावरच चालायचं होतं. दादाला मात्र आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, जरा बरं वाटलं की कामावर जातो. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलेलं वेगळं होतं, आणि ते त्याच्या कानावर घालायची हिंमत कुणालाच होत नव्हती. कॉम्प्युटर कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "असंच, शिकते जरा. वेळ जातो."

मित्राच्या गाडीत घालून, शीळफाट्याला रखडत, तो मी टिटवाळ्याला नेला. आधी वापरणाऱ्याचं सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं होतं. कीबोर्डवरची काही अक्षरं पार झिजली होती, तिथे चिकटपट्टी लावून पेनाने लिहिली. टेबल दादाच्या पलंगाशेजारीच लावलं, म्हणजे काम करता करता तिचं त्याच्याकडे लक्ष राहील. वहिनी भराभर शिकली आणि मी खुशीत ठाण्याला परतलो.

मग फोन सुरू झाले. "भाऊजी, परत बंद पडला." काम रंगात आलं की कॉम्प्युटर आपोआप बंद, चढवलेली बिलं गायब. मी ठाण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकत होतो. वायर बघ, प्लग बघ, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल. माझ्या नाकावर राग कायमचाच. एकदा ऑफिसात साहेबांनी झापलं होतं, ते वड्याचं तेल वांग्यावर काढलं आणि तिला म्हणालो, "तूच नको ते काहीतरी दाबतेस." शेवटी होलसेलवाल्याचा निरोप आला, आज बिलं पूर्ण झाली नाहीत तर काम दुसऱ्याला. मी रजा टाकून निघालो.

बघतो तर सीपीयूला नखशिखान्त कव्हर. बटणापुरतं भोक, खाली नाडी. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी तिला कव्हर शिवायचं. मिक्सरला आहे, फ्रिजला आहे, रिमोटसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत. हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला.

"अगं, चालू असतानाही हे घालून ठेवतेस?"

"समोर बिल्डिंगचं काम चाललंय ना. सिमेंटची धूळ आत जाते. म्हणून चांगलं दुहेरी शिवलं."

"मागे पंखा आहे त्याला. त्याला वारा नको?"

बोलता बोलता मी कव्हर ओढून काढलं आणि पलंगावर टाकलं. आतून निळ्या रेघांचं कापड होतं, एका बाजूला शर्टाचा खिसा तसाच राहिलेला. दादाने डाव्या हाताने तो खिसा चाचपला.

"माझा आहे," तो म्हणाला. "ऑफिसचा."

वहिनीने नाही म्हटलं नाही. "तुमचाच आहे. कव्हराला तसलेच दोन-तीन घेतले."

मी घाईघाईने म्हणालो, "दादा, आपण नवीन शिवू रे." त्याने हात वर करून मला थांबवलं आणि तिला विचारलं, "हे... पगाराचं काम आहे?"

तिने होकारार्थी मान हलवली.

एकेक शब्द ओढत दादा म्हणाला, "धूळ आहे. कव्हर राहू दे. मागून कापा. पंख्यापुरतं."

वहिनीने कात्री आणून माझ्या हातात दिली. मी कापलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आत पंखा घरघरायला लागला तशी वहिनी डोळे पुसून खुर्चीवर बसली आणि मान वर न करता बिलं चढवत राहिली. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. उन्हं उतरली तेव्हा शेवटचं बिल गेलं, आणि तिने खुर्ची मागे सरकवली.

भिंतीकडे तोंड करूनच दादाने विचारलं, "कामावरून सुटलीस का गं?"

मला तिथे बसवेना. चहाचं दूध आणतो असं सांगून मी चपला घातल्या.