आमच्या रिक्षावाल्याची कारची टेस्ट

नव्वदच्या दशकातली गोष्ट, सुरतची. आरटीओच्या मैदानाचं कुंपण धरून मी उभी होते आणि आत आमचे हे कारची टेस्ट द्यायला बसले होते... तिसऱ्यांदा!

लिंबायतला राहायचो आम्ही, ह्यांची रिक्षा होती. दिवसभर धूर खाऊन असा खोकला जडला की डॉक्टर म्हणाले, रिक्षा सोडा. तेवढ्यात सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये शेठच्या कारवर ड्रायव्हरची जागा निघाली, पण लायसन्ससाठी शेठ सोमवारपर्यंतच थांबणार होते.

तुम्हाला वाटेल, रिक्षा चालवणाऱ्याला कार म्हणजे डाव्या हातचा मळ. कसलं काय! रिक्षाचा क्लच डाव्या हातात आणि गिअरही त्याच मुठीत. कारमध्ये बसले की हे गिअरचा दांडा गच्च आवळायचे, त्यालाच क्लच समजून... आणि पाय आपला महाराजासारखा स्वस्थ. खर्रर्र आवाज, गाडी बंद, नापास. दोनदा!

मग मी घरातच क्लास काढला. तांदळाच्या डब्यात उभं खोचलेलं लाटणं म्हणजे गिअर आणि पायाखालची जुनी चप्पल म्हणजे क्लच. "अहो, आधी पाय!" सांगून सांगून घसा बसला, पण लाटणं हाताला लागलं की मूठ आवळलीच आणि पाय विसरलाच... पालथ्या घड्यावर पाणी!

शेवटी वैतागून ओरडले, "धरूच नका त्याला! नुसत्या तळहातानं ढकला!" आणि काय सांगू बाई... आवळायला काही उरलंच नाही, तेव्हा पाय आपोआप हलला. मग रोज चहाआधी तेच, जेवणाआधी तेच.

तर त्या दिवशी मैदानात पहिला गिअर पडला, दुसरा पडला, तिसराही पडला. चढावर थांबलेली गाडी एक आचका न देता निघाली. "पास छो, भाई," साहेब म्हणाले आणि मला कुंपणापाशीच रडू कोसळलं.

घरी निघालो ते आमच्याच रिक्षातून. उधना दरवाज्याला सिग्नल सुटला आणि रिक्षानं गचका देऊन मान टाकली. पाहते तर काय... स्वारीचा डावा पाय खालच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला आणि डावा हात उघडा, हवेत! मागून हॉर्नवर हॉर्न, वर गुजरातीत शिव्या.

"अहो, ही रिक्षा आहे!" मी किंचाळले.

हे शांतपणे मागे वळून म्हणाले, "माहीत आहे गं. पण सोमवारपासून नाही ना..."

इतकं डोकं खाणारा विद्यार्थी देवानं कुणाला देऊ नये... आणि द्यायचाच असेल, तर असाच द्यावा.