दुसऱ्या झडपेची खूण

आईच्या हृदयाची एक झडप आवळली होती. लहानपणी सांध्यांत शिरलेला ताप तिथवर पोचला होता म्हणे. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवलं, वडील तिला घेऊन गेले, आणि मी नि काका सोलापुरात राहिलो.

ट्रंक कॉल परवडायचा नाही, म्हणून त्या काळी बरेच जण करायचे ती लबाडी आम्हीही ठरवली. पी.पी. कॉल असला की ऑपरेटर आधी ज्याच्याशी बोलायचं त्या माणसाचं नाव विचारायची. तो नसला की कॉल रद्द, पैसेही जवळजवळ लागायचे नाहीत. वडिलांनी आजोबांचं नाव सांगितलं, तर आई सुखरूप. आजोबा कधीच वारलेले, तेव्हा आम्ही "नाहीत" म्हणून फोन ठेवायचा. आणि काकांचं सांगितलं, तर... ते वाक्य कोणी पुरं केलं नाही.

नवी पेठेत एका ओळखीच्या कापड दुकानात फोन होता. तिथे आम्ही सकाळपासून बसून. तीन तासांचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. पाच तास झाले, सहा झाले. बायका पदरावरून घासाघीस करत होत्या आणि मला त्यांचा इतका राग येत होता की एकेकीला बाहेर काढावं.

चारच्या सुमारास फोन वाजला. काकांनी उचलला. ऑपरेटरने काकांचंच नाव घेतलं.

"मीच," एवढं म्हणून काकांनी रिसीव्हर माझ्यापुढे केला. मी तो कानाला लावून हॅलो म्हटलं. आई गेली, दुसरं काही डोक्यात येईना.

"आगं, हाय ती! जित्ती हाय!" वडील तिकडून ओरडत होते.

"मग काकाचं नाव कशाला सांगितलं तुमी?" मी रडत रडत भांडलेच.

"उघडल्यावर दुसरी झडप बी गळकी निघाली. ती बी शिवली, म्हनून येळ लागला. त्येची खूण कुटं ठरली हुती?"

"आजोबाचं सांगायचं की मग!"

"तिनं अजून डोळं उघडलं न्हाईत, पोरी. सुखरूप हाय म्हनून कसं सांगू?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "हितं मी एकलाच हाय. लई भ्या वाटतंय. तू नुसतं बोलत ऱ्हा की."

माझ्याकडे त्यांनी आजवर कधी काही मागितलं नव्हतं. मी बोलत राहिले. नळाला पाणी उशिरा आलं, भाकरी करपल्या, असलं काहीबाही. ते फक्त "हं" म्हणत होते. लाइन तुटली तेव्हाही "हं"च म्हणत होते, आणि आई डोळे उघडेल की नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.