कंडक्टरांनी चालवलेली सभा

कंडक्टर निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण घरात कुणी दारात उभं राहिलं की अजूनही त्यांच्या तोंडून "आत सरका" निघतंच. त्यामुळे वाचनालयाच्या हॉलमध्ये उमेदवार आणि रहिवासी यांची समोरासमोर सभा ठरली, तेव्हा वेळ पाळायला दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. उमेदवाराला तीन मिनिटं, प्रश्न विचारणाऱ्याला एक. टेबलावर पितळी घंटा. एक टोला पडला की थांबायचं, दोन पडले की सुटायचं. बसमधला कायदा, जशाच्या तसा.

पंचाईत एवढीच, की पहिला प्रश्न त्यांच्या बायकोचा होता. ती बाजारात पालेभाजी विकते. पहाटेपासून दुपारपर्यंत तिथे पंचवीस बायका बसतात आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह एकही नाही. चहा प्यायचा तोही जीव मुठीत धरून. आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून आठ दिवस ती जुड्या बांधता बांधता प्रश्न घोकत होती. कंडक्टरांना धास्ती वेगळीच: घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको.

ती उठली, बोलायला लागली, चांगली रंगात आली आणि टण्ण!

"अहो!"

"बाई, मिनिट झालं."

"बाई? घरी चला, मग दाखवते बाई!"

हॉल खो खो हसला. कंडक्टरांचे कान लाल झाले. ती मात्र खाली बसेना. "उत्तर मिळेपर्यंत मी उभीच."

विद्यमान नगरसेवक उठले. आधी नमस्कार, मग नवी बाग, मग बागेतलं कारंजं.

"साहेब, उतरणार कुठे?" कंडक्टरांनी विचारलं.

"म्हणजे?"

"यांनी बाजाराचं तिकीट काढलंय. तुमची गाडी बागेकडे का वळली?"

"जरा फिरून येतो, काका."

"हा रूट नाही तुमचा."

टाळ्या पडल्या. कोंडीत सापडलेले नगरसेवक बोलून गेले, "अहो, बांधून तयार आहे ते स्वच्छतागृह! उद्घाटनाला मोठ्या साहेबांची तारीख मिळेना, म्हणून कुलूप आहे."

"ती बाजाराच्या कोपऱ्यातली, पाटीवर कापड टाकलेली खोली?" मिरचीवाली किंचाळली. "आम्ही गोदाम समजत होतो की!"

समोरच्या उमेदवार, शाळेतल्या मास्तरीणबाई, संधी साधून म्हणाल्या, "मी निवडून आले की पहिल्याच दिवशी—"

टण्ण! "मतदानाला तीन आठवडे आहेत, मॅडम. तोवर बायकांनी काय करायचं?"

"ओ कंडक्टर! घंटा वाजवणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात," मागून कुणीतरी ओरडलं.

मुद्दा बरोबर होता. कंडक्टरांनी क्षणभर विचार केला, घंटा ग्रंथपालांकडे सरकवली आणि बायकोशेजारी जाऊन उभे राहिले. "आता विचारतो. किल्ली कुणाकडे आहे?"

तिसऱ्या रांगेतल्या पालिकेच्या शिपायानं बिचकत जुडगा वर धरला. नगरसेवकांनी मान हलवायच्या आतच अर्धा हॉल बाहेर पडला होता.

कुलूप उघडलं. आत सगळं चकाचक, फक्त नळाला पाणी नव्हतं.

"ते पुढच्या टप्प्यात," नगरसेवक पुटपुटले.

"बरं," कंडक्टरांची बायको म्हणाली आणि मासेवालीच्या दोन बादल्या तिनं दोन्ही उमेदवारांच्या हातात दिल्या. "तोवर तुम्ही आहातच. बाजारातला नळ तिकडे, डाव्या हाताला."

दोघं बादल्या भरून परत निघाले. सांडू नये म्हणून पावलं जपून टाकत, आणि नळजोडणी आधी कोण आणतं यावर वाटभर भांडत.