मारलं की धावायचंच

बेसबॉल या खेळावर माझा राग आहे, आणि तो या जन्मात जाईल असं वाटत नाही. सुकापूरच्या मैदानावर मी वीस वर्षं टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलो, आणि माझी मुलगी निघाली बेसबॉलवाली!

ती मला वहीत आकृती काढून नियम समजवायची आणि मी भांडायचो. बॅट फिरवली आणि चेंडू हुकला, तर म्हणे स्ट्राइक. ‘अगं, हुकलेल्याला कसलं स्ट्राइक?’ दोन रेषांच्या बाहेर, मागे मारला तर फाऊल. माझा लेटकट बघायला माणसं थांबायची, तो यांच्याकडे फाऊल! ‘डोकं गहाण टाकून केलेत का हे नियम?’ असं म्हटलं की ती वही मिटून आत निघून जायची. त्यामुळे पुढचे नियम माझे राहिलेच.

जिल्ह्याच्या संघाची निवड खारघरला होती. तिची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. ‘बाबा, तुम्ही येऊ नका,’ ती म्हणाली. मी गेलो. बाप आहे मी, जाणार नाही तर काय!

शेवटचा डाव. दोघी बाद, तिसऱ्या बेसवर, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, एक मुलगी धावायला टपलेली. माझ्या मुलीने बॅट फिरवली, पण फटका नीट बसला नाही. चेंडू घरंगळत समोरच्या फिल्डरकडे निघाला. असल्या चेंडूवर क्रिकेटमध्ये शेंबडं पोरसुद्धा रन घेत नाही. मी जाळीवर हात आपटून ओरडलो, ‘नो! नो! थांब!’

ती धावता धावता थबकली. क्षणभरच, पण तेवढ्यात फिल्डरने फेकलेला चेंडू तिच्याआधी पहिल्या बेसवर पोचला आणि ती बाद झाली. तिसरी बाद, डाव संपला.

त्यांच्या कोच बाई जवळच्याच गावातल्या. तरातरा जाळीपाशी आल्या. ‘तुमी कोण तिला थांबवनारे? चेंडू रेषेच्या आत मारला का धावायचंच हाय, इथं आपली मर्जी नाय चालत!’

मीही ऐकून घेणाऱ्यातला नाही. ‘तुमच्या खेळालाच अक्कल नाही,’ असं सगळ्या पालकांसमोर सुनावलं. मुलगी खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. यादी वाचली, तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं.

रिक्षात ती माझ्याकडे पाठ करून बसली. कामोठे आलं तरी वळली नाही. शेवटी माझंच डोकं फिरलं. ‘तुला नियम माहीत होता ना? मग मूर्खासारखं माझं ऐकलंस कशाला?’

‘ऐकलं कुठे?’ ती बाहेर बघत म्हणाली. ‘तुम्ही ओरडलात की माझे पाय आपोआप थांबतात, बाबा. लहानपणापासून.’